रोम, जुलैचं ऊन आणि आषाढी एकादशी: कमी पैशात काढलेला एक दिवस

पायपीट

२०२४ च्या जुलैत आई महिनाभर माझ्याकडे जर्मनीत आली होती. मी तेव्हा मास्टर्सच्या शेवटच्या सेमिस्टरला, खात्यात मोजके पैसे, पण आई पहिल्यांदा देशाबाहेर आलेली आणि तिला रोम बघायचं होतं, म्हणून स्वस्तातलं विमान बघून दोन रात्रींचा बेत केला. तिकिटं काढून झाल्यावर लक्षात आलं की रोममधला आमचा एकुलता एक अख्खा दिवस १७ जुलै २०२४, म्हणजे आषाढी एकादशी. आई गेली ११ वर्षं आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर चालते, कधी पंढरपूरपर्यंत तर कधी सासवडपर्यंतच. त्या वर्षी माझ्यामुळे वारी चुकली. ती काही बोलली नाही पण मला माहीत होतं.

तर तो दिवस कसा काढला ते सविस्तर लिहिते, कारण या फोरमवर दर उन्हाळ्यात कुणीतरी विचारतं की आईबाबांना घेऊन युरोपात उन्हात कसं फिरायचं आणि पैसे किती लागतात.

आधी ऊन. रोमचं ऊन आपल्याकडच्या एप्रिलसारखं, त्यात काळ्या दगडी चौकोनी ठोकळ्यांचे रस्ते, ते सकाळी दहापासून जे तापतात ते रात्री नऊपर्यंत खालून शेक देत राहतात. आम्ही गेलो त्या आठवड्यात पारा पस्तिशीच्या वर होता, आणि २०२३ च्या जुलैत तर रोमने ४१ ओलांडले होते. म्हणून दिवसाचे सरळ दोन तुकडे केले, पहाटेपासून साडेबारा आणि संध्याकाळी पाचनंतर रात्रीपर्यंत, मधे खोलीत पडदे ओढून झोप.

पहाटे साडेपाचला बाहेर पडलो. सव्वासहाला त्रेवी कारंज्यावर आमच्याशिवाय पंधरा-वीस माणसं असतील, तिथेच दुपारी पाय ठेवायला जागा नसते. पाण्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. हे पाणी ज्या कालव्याचं आहे तो रोमन सेनापती अग्रिप्पाने इसवी सनापूर्वी १९ मध्ये बांधला, कारंजं मात्र १७६२ चं. आईने पाठमोरं होऊन नाणं टाकलं. ती नाणी गोळा करून गरिबांसाठी काम करणाऱ्या संस्थेला देतात हे सांगितल्यावर तिने आणखी एक टाकलं.

तिथून चालत नवोना चौक. मधोमध शिल्पकार बेर्निनीचं १६५१ चं चार नद्यांचं कारंजं आहे, नाईल, डॅन्यूब, ला प्लाता आणि चौथी आपली गंगा. गंगा म्हणजे दाढीवाला धिप्पाड पुरुष, हातात लांब वल्हं. आई कठड्यापाशी उभी राहून बराच वेळ बघत होती, म्हणाली गंगामाईला यांनी बाप्या केलं, पण वल्हं दिलं ते बरं केलं, नाव तर चालते ना तिच्यावर. सकाळची सात-सव्वासातची वेळ, झाडूवाले चौक धुवत होते, सगळीकडे ओल्या दगडाचा वास.

मग सान्त आगोस्तिनो चर्च, चौकापासून दोन मिनिटांवर. खरं तर या चर्चसाठीच हा धागा काढलाय.

आत डावीकडच्या पहिल्याच कोनाड्यात कारावाज्जो या इटालियन चित्रकाराचं चित्र आहे, १६०४ ते १६०६ च्या सुमाराचं, यात्रेकरूंची माता म्हणतात. नाणं टाकलं की दिवा लागतो, काही मिनिटांनी आपोआप विझतो. दिवा लागला. घराच्या उंबऱ्यावर येशूची आई मारिया बाळाला कडेवर घेऊन उभी, ती स्वतः अनवाणी, आणि समोर दोन म्हातारी माणसं गुडघ्यावर बसलेली, एक बाई, एक पुरुष. त्या पुरुषाचे तळपाय थेट आपल्याकडे वळलेले, चित्र उंचावर असल्यामुळे बरोब्बर आपल्या डोळ्यांसमोर येतात. टाचा काळ्या, मातीने माखलेल्या. बाईच्या डोक्यावरची टोपी मळलेली आणि फाटकी. त्या काळी लोकांनी यावरून फार बोभाटा केला होता म्हणे, की देवळात असले घाणेरडे पाय कशाला रंगवले.

आई काहीच बोलेना. दिवा विझला. तिने पिशवीतून पाकीट काढून स्वतः नाणं टाकलं, परत दिवा लागला. मग हळूच म्हणाली, "हे चालत आलेत गं. बघ ना टाचा. दिवेघाट चढल्यावर अश्शा होतात." आणि तिने हात जोडले. मी मागे उभी होते, मला रडू आलं.

आम्ही तिथे पाऊण तास होतो. पैसे गेले नाण्यांचे तेवढे.

त्यानंतर नऊला पँथिऑन हे प्राचीन रोमन मंदिर, तेव्हा माणशी ५ युरो (२०२३ च्या जुलैपर्यंत फुकट होतं). घुमट ४३ मीटर रुंद आणि जमिनीपासून तेवढाच उंच, सळई न घालता केलेल्या काँक्रीटचा जगात याहून मोठा घुमट अजून नाही, आणि वरती मधोमध उघडं भोक, त्यातून उन्हाचा गोल कवडसा भिंतीवर पडतो आणि दिवसभर सरकतो. पावसाचं पाणी आत येतं ते जायला फरशीला बारीक भोकं आहेत, ती आईनेच शोधून दाखवली. मग सान लुईजी देई फ्रांचेझी, तिथे कारावाज्जोची संत मॅथ्यूवरची तीन मोठी चित्रं, तीही फुकट.

सव्वाअकराला गडबड झाली. बस लवकर येईना, थांब्यावर सावली नाही, आईचा उपास. वीस-पंचवीस मिनिटं उभं राहिल्यावर ती म्हणाली डोळ्यांपुढे काजवे चमकतायत. मी तिला धरून शेजारच्या छोट्या बारमध्ये (तिकडे बार म्हणजे कॉफीचं दुकान) नेलं, तिथल्या काकांनी न विचारता खुर्ची दिली, पाणी दिलं, साखरेच्या दोन पुड्या दिल्या. मी पाण्यात साखर आणि चिमूटभर मीठ घालून दिलं. मीठ आईच्या पिशवीत होतं, पुडीत बांधलेलं, सैंधव, उपासाचं. अर्ध्या तासाने बरं वाटलं. काकांनी पैसे घेतले नाहीत.

मग बसने सांता मारिया माज्जोरे. हे मोठं चर्च दुपारी बंद होत नाही, आत गार, बसायला जागा, वर सोन्याचं छत आणि पाचव्या शतकातली मोझाइकं. आई तिथे अर्धा तास डोळे मिटून बसली, बहुतेक हरिपाठ म्हणत होती.

१ ते ५ खोली. तिने राजगिऱ्याचे लाडू, केळी आणि बाजारातून आणलेली जर्दाळू खाल्ली, मी पीत्झाचा तुकडा. तिथे पीत्झा कापून वजनावर विकतात, बोटांनी दाखवायचं एवढा द्या.

संध्याकाळी मेट्रोने जाऊन सान पिएत्रो इन विंकोलीमधला मायकेलअँजेलोचा मोझेसचा पुतळा (फुकट), मग कोलोसियम बाहेरून, मग काम्पीदोल्यो टेकडीच्या मागच्या बाजूने अख्खं रोमन फोरम, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष, उतरत्या उन्हात बघितलं, तेही फुकट. शेवटी आव्हेंतिनो टेकडीवरची संत्र्यांची बाग. सूर्य पावणेनऊच्या सुमाराला मावळतो. समोर सेंट पीटर चर्चचा घुमट, आणि एकदम गार वारा सुटला. आई म्हणाली आता चंद्रभागेवर कीर्तन चालू असेल. मी म्हटलं तिथे रात्रीचे सव्वाबारा झालेत. म्हणाली मग काय झालं, चालूच असेल.

उतरून नदीकाठी ग्रात्ताकेक्का खाल्लं, म्हणजे मोठ्या लादीवरून किसलेला बर्फ, वर सरबत. आपला बर्फाचा गोळा, फक्त काडीऐवजी पेल्यात. लिंबाचं उपासाला चालतं असा निर्णय आईने दिला.

खर्च दोघींचा: बस-मेट्रो १२ युरो, पँथिऑन १०, सकाळची उभ्याने प्यायलेली कॉफी आणि माझं खाणं ६, पीत्झा ११, फळं ३, बर्फ ८, चित्रांच्या दिव्यांची नाणी २. एकूण ५२ युरो. पाण्याची बाटली एकही विकत घेतली नाही, ते खाली विचारलंत तर लिहीन, आत्ताच फार लांबलंय.

कोरडी_चटणी

फार सुंदर लिहिलंयस. तळपायांचं वाचून अंगावर काटा आला, मी दोनदा रोमला जाऊन आलो पण ते चर्च माहीतच नव्हतं, त्याच्या समोरून दहा वेळा गेलो असेन.

पाण्याचं लिही ना. आम्ही चौघं होतो, दिवसाला दहा-बारा युरो नुसते बाटल्यांवर गेले होते, कोलोसियमपाशी तर गार बाटली सांगेल त्या भावाने.

तळटीप

लेख आवडला पण एक स्पष्ट लिहितो, राग मानू नका. साठीच्या पुढच्या माणसाने ३५-३६ डिग्रीत उपास करून सहा तास चालणं मला पटलं नाही. मी डॉक्टर नाही पण माझ्या वडिलांना उन्हाचा झटका बसलेला बघितलाय, घाम यायचाच बंद झाला, बडबडायला लागले, आणि तिथून पुढे फार पटकन बिघडलं. तुमच्या आईंना काजवे दिसले तिथेच दिवस थांबवायला हवा होता. इथे वाचून लोक तसंच करायला जातात, म्हणून लिहिलं.

पायपीट

@तळटीप, राग अजिबात नाही, तुमचं बरोबर आहे. मी थांबूया म्हटलं होतं, आई ऐकेना, पण मीच ठाम राहायला हवं होतं, ते आजही मनात आहे. आता मी प्रत्येकाला सांगते की जलसंजीवनीची पाकिटं घरूनच आणा, टोपी हवी, आणि बसथांब्यावर सावली नसेल तर दहा मिनिटांच्या वर उभं राहू नका, जवळच्या दुकानात जाऊन बसा. उपास असेल तर पाणी, मीठ, साखर चालू ठेवा, देव काही म्हणत नाही. आणि घाम थांबला किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला तर सरळ ११२ या आणीबाणीच्या नंबरला फोन.

@कोरडी_चटणी, पाणी! रोममध्ये रस्तोरस्ती कमरेएवढे ओतीव लोखंडी नळ आहेत, त्यांना नासोनी म्हणतात, म्हणजे मोठी नाकं, कारण तोटी नाकासारखी वाकडी. चोवीस तास वाहतात, पाणी पिण्याचं आणि चक्क गार. आता गंमत बघा, तोटीच्या वरच्या बाजूला बारीकसं भोक असतं. खालून बोटाने तोटी दाबून धरली की पाणी त्या भोकातून वर उडतं, कमान करून थेट तोंडात. बाटली नसली तरी पिता येतं. आईला हे एका लहान मुलाने दाखवलं, मग तिने प्रत्येक नळावर केलं, आणि पदर भिजवून डोक्यावर घेतला. सुती साडी, दहा मिनिटांत सुकायची, पुढच्या नळावर परत ओली.

ओसरी

मी रोममध्ये गेली ६ वर्षं राहते, थोडी भर घालते.

नासोनी पहिल्यांदा १८७४ मध्ये बसवले, आज अडीच हजाराच्या आसपास आहेत. शहराचं बरंचसं पाणी रिएतीजवळच्या पेस्किएरा झऱ्यांमधून येतं, डोंगरातलं, म्हणून चव छान आणि चुन्याचं प्रमाण जास्त, किटलीत थर बसतो. सतत वाहतात म्हणून वाया जातं असं वाटतं आणि ते काही अंशी खरंही आहे, २०१७ च्या दुष्काळात त्यातले बरेच बंद केले होते तेव्हा आमच्या गल्लीतल्या आजीबाई फार चिडलेल्या असं शेजारीण सांगते. पण उन्हाळ्यात बेघर माणसं, कुत्री, डिलिव्हरीवाली पोरं सगळ्यांचा जीव यावरच.

संध्याकाळी बागेत जो वारा आला त्याला इथे पोनेंतीनो म्हणतात, पश्चिमेकडून समुद्रावरून येतो. आमच्याकडे सात वाजले की सगळेजण खिडक्या उघडून त्याची वाट बघत बसतात. दिवसभर मात्र लाकडी झडपा बंद. पर्यटक नेमकं उलटं करतात, दुपारी फिरतात आणि संध्याकाळी दमून झोपतात.

सांता मारिया माज्जोरेबद्दल एक. आख्यायिका अशी की चौथ्या शतकात भर ऑगस्टात त्या टेकडीवर बर्फ पडला आणि जिथे पडला तिथे हे चर्च बांधलं. म्हणून दर ५ ऑगस्टला छतातून पांढऱ्या पाकळ्या सोडतात. त्या दिवशी रोममध्ये असाल तर जाच, उन्हाने कातावलेली माणसं मान वर करून पाकळ्या झेलत असतात. हल्ली पोप फ्रान्सिस यांची समाधी तिथे झाल्यापासून रांग मोठी असते, त्यामुळे सकाळी लवकर.

आणि लहान चर्चेस साधारण साडेबारा ते साडेतीन-चार बंद असतात, हे लक्षात न ठेवल्याने कितीतरी जण बंद दाराशी उन्हात उभे दिसतात.

खिडकीजवळची_सीट

सगळं ठीक, पण रोमला जाऊन कोलोसियम आतून बघायचं नाही? आयुष्यात एकदाच जाणार असेल माणूस तर १८ युरो वाचवून काय करायचं? मला तरी हे पटत नाही. आम्ही आत गेलो होतो आणि त्या कमानींमधून खाली बघताना जे वाटलं ते बाहेरून कधीच वाटलं नसतं.

पायपीट

तुमचं म्हणणं समजतं. त्याच तिकिटात फोरम आणि शेजारची पॅलाटाइन टेकडीही येते, म्हणजे पैसे वाया नाहीत, हिवाळ्यात मी नक्की जाईन. पण तिन्ही बघायला चार-पाच तास, त्यातलं निम्म्याहून जास्त उघड्यावर, आणि आमच्याकडे एकच दिवस. मला दोन्हीपैकी एक निवडायचं होतं आणि मी चित्रं निवडली. आईला विचारलं तेव्हा म्हणाली, जिथे माणसं मारायचे ते बाहेरून बघितलं तरी पुरे.

कोरडी_चटणी

महिन्याच्या पहिल्या रविवारी कोलोसियम फुकट असतं ना?

ओसरी

हो, सरकारी संग्रहालयं सगळीच, पण जुलै-ऑगस्टात त्या रांगेत उभं राहणं म्हणजे शिक्षा. आईबाबांना घेऊन नको. १८ वर्षांखालच्या मुलांना रोजच फुकट. १८ ते २५ ची सवलत फक्त युरोपियन युनियनच्या नागरिकांना, इथल्या कॉलेजचं आयकार्ड दाखवून भारतीय पासपोर्टवर मिळत नाही, खिडकीशी वाद घालणारी मुलं मी बघितलीयेत.

सेंट पीटर फुकट आहे पण सुरक्षा तपासणीची रांग चौकात उन्हातच असते, सातला दार उघडतं तेव्हाच जावं. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. तुमच्या आईंच्या साडीला कुणी काही म्हणणार नाही, शॉर्ट्सवाल्यांना परत पाठवतात. स्पॅनिश पायऱ्यांवर बसू नका, २०१९ पासून दंड आहे. कारंज्यात पाय घालायलाही दंड.

लिंबाची_फोड

शाकाहारी लोकांसाठी काय? आम्ही सप्टेंबरात जातोय, सासूबाई कांदा-लसूण खातात पण अंडंही चालत नाही.

ओसरी

सप्टेंबर उत्तम. पीत्झा रोस्सा (नुसता टोमॅटो), बियांका (टोमॅटोशिवाय), मार्गेरिता, बटाट्याचा पीत्झा, सगळं वजनावर मिळतं. सुप्ली म्हणून भाताचा तळलेला गोळा दिसेल, आत चीज, फार मोह होतो, पण पारंपरिक सुप्लीत मांसाचा रस्सा असतो, विचारल्याशिवाय घेऊ नका. कार्बोनारा आणि आमात्रिचाना या दोन्ही पास्त्यांत डुकराच्या गालाचं मांस, कार्बोनारात अंडंही. काचो ए पेपे या पास्त्यात नुसतं चीज आणि मिरी, पण ते पेकोरीनो चीज कोकराच्या जठरातल्या विरजणाने लावतात, सासूबाई इतकं पाळत असतील तर तेही टाळा. पीत्झा मारिनारा घ्या, टोमॅटो, लसूण, ओरेगानो, चीजच नाही.

कॉफी काउंटरपाशी उभ्याने प्या, बसलात की तीच कॉफी दुप्पट-तिप्पट. आणि कॉफी घेतली की तिथलं स्वच्छतागृह वापरता येतं, हे ज्येष्ठांबरोबर फार उपयोगी.

लिंबाची_फोड

खूप आभार! धागा साठवून ठेवलाय. बसचं तिकीट कुठे काढायचं?

पायपीट

तंबाखूच्या दुकानात, बाहेर मोठा टी लिहिलेली पाटी असते. १.५० युरो, १०० मिनिटं चालतं, त्यात बस कितीही बदला, मेट्रो मात्र एकदाच. कागदी तिकीट बसमधल्या मशिनमध्ये शिक्का मारून घ्यायला विसरू नका, तिकीट असून शिक्का नसेल तरी दंड.

तळटीप

आईंना यंदा वारीला जायला मिळालं का?

पायपीट

@तळटीप, विचारलंत म्हणून फार बरं वाटलं. उशिरा उत्तर देतेय, परवापर्यंत तिचा फोनच लागत नव्हता. हो, गेलीय. काल सासवडच्या मुक्कामातून तिने फोटो पाठवला. चेहरा नाही, काही नाही, नुसते तिचे दोन तळपाय, कॅमेऱ्याकडे वळवलेले, टाचांच्या भेगांत माती भरलेली. खाली लिहिलंय, "त्या चित्रातल्यासारखे आलेत का?"

कोरडी_चटणी

काय लिहू. माउली.

आम्ही ऑक्टोबरात जातोय परत. त्या चर्चला सकाळीच जावं ना?

पायपीट

हो, सकाळीच, आठच्या आत गेलात तर बहुतेक एकटेच असाल. सुटी नाणी जवळ ठेवा, दिवा पटकन विझतो.